मॅकपेंटमध्ये रांगोळी आणि ‘शुभ दीपावली’

सोमवार

दिवाळीचं कार्ड यंदा मॅकपेंटवर करायचं. हे बिल अॅटकिन्सनचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर २४ जानेवारी १९८४ ला पहिल्या मॅकिन्टॉशबरोबर आलं. जुनं यंत्र नसेल तर आजच्या संगणकावर चालणारा मिनी व्हीमॅक हा प्रोग्रॅम पुरतो. तो मॅकिन्टॉश प्लसची नक्कल करतो, त्याला १२८ केबीची रॉम फाइल (यंत्रातल्या कायमच्या मेमरीची प्रत) लागते आणि ती आपल्या मालकीच्या यंत्रातून काढलेली असावी. त्यावर सिस्टिम ६ ही मॅकची जुनी कार्यप्रणाली आणि मॅकपेंट १.५. पुढचं २.० (१९८८, क्लॅरिस कंपनीचं) एका वेळी अनेक चित्रं उघडतं, पण स्वभाव ओळखायचा तर १.५ च बरं.

पहिली अडचण ठरलेली: ८०० केबीची डिस्क इमेज (फ्लॉपीची फाइलरूपी प्रत) गच्च भरलेली असते किंवा कुलूपबंद असते, आणि मग मॅकपेंट चालायला कुरकुर करतं. कारण चित्र मेमरीत नसतंच, ते डिस्कवर असतं. हिशोब मांडून बघा. पान ५७६ बाय ७२० ठिपक्यांचं. ठिपका काळा किंवा पांढरा, म्हणजे एक बिट. एकूण ५१,८४० बाइट. मूळ यंत्रात मेमरी सगळी मिळून १२८ केबी. त्यातले २१,८८८ बाइट नुसत्या ५१२ बाय ३४२ च्या पडद्याला जातात, उरलेल्यात सिस्टिम आणि सॉफ्टवेअर. अख्खं पान, शिवाय ‘अनडू’साठी त्याची दुसरी प्रत, हे बसणारच नाही. म्हणून मेमरीत फक्त खिडकीएवढा तुकडा ठेवायचा, ४१६ बाय २४०, बाकीचं पान तात्पुरत्या फाइलीत डिस्कवर. तेव्हा डिस्कवर निदान १५० केबी मोकळी ठेवावी आणि कुलूप काढलेलं असावं.

खिडकीत पानाचा जेमतेम चौथा हिस्सा दिसतो. आणि जे दिसतं तेवढ्यावरच काम होतं: निवड, भरणं, उलटवणं, सगळं खिडकीच्या कडेला थांबतं. मोठ्या चौकोनात रंग भरायची बादली ओतली आणि खाली सरकल्यावर अर्धा भाग कोराच निघाला, तर ते बिघडलेलं नाही.

मंगळवार

रांगोळी. ‘गुडीज’ मेनूत ‘ब्रश मिरर्स’ आहे. त्यात चार अक्ष दिसतात: उभा, आडवा आणि दोन तिरके. चारही निवडले की कुंचल्याचा एक फटकारा आठ ठिकाणी उमटतो. ठिपके मोजत बसायला नको, कमळ आपोआप जुळतं. हे फक्त कुंचल्याला लागू आहे; पेन्सिल किंवा रेघेचं हत्यार घेऊन आरसा शोधू नये.

आरशाचा मध्य पानाचा नसतो, खिडकीचा असतो. मधेच पान जरा सरकवलं की मध्य हलतो आणि पुढच्या पाकळ्या कलंडतात. रांगोळी एका बैठकीत, पान न हलवता पुरी करायची. त्यामुळे मापही ठरून जातं: खिडकीची उंची २४० ठिपके, पान ७२ ठिपके प्रति इंच, म्हणजे कागदावर साडेतीन इंचालाही जरा कमीच. त्याहून मोठी हवी तर एक चतकोर काढून, नक्कल करून ‘फ्लिप हॉरिझॉन्टल’ आणि ‘फ्लिप व्हर्टिकल’ने जोडावी लागते.

अनडू एकच पायरी मागे जातं. आठही फटकारे मिळून एक पायरी धरली जाते, हे त्यातलं सुख. म्हणून दर दोन-तीन पाकळ्यांनंतर ‘सेव्ह अॅज’ करून रांगोळी-१, रांगोळी-२ असं ठेवत जावं. खोडरबरावर डबल-क्लिक केलं तर दिसणारी अख्खी खिडकी साफ होते. लगेच अनडू केलं तर परत येते, पण घाबरून मधे काही दुसरं केलंत तर गेली.

पाकळ्यांत रंग, म्हणजे पॅटर्न, भरताना बादली. तिचा नेम बादलीच्या चित्रावर नसून ओघळणाऱ्या रंगाच्या टोकावर असतो. बाह्यरेषेत एका ठिपक्याची फट राहिली तरी रंग बाहेर वाहतो आणि खिडकीभर पसरतो. तिरकस टेकलेल्या दोन ठिपक्यांमधून मात्र तो गळत नाही, नाहीतर एक ठिपका जाडीचं साधं वर्तुळही भरता आलं नसतं. फट शोधायची तर अनडू करून फॅटबिट्समध्ये (ठिपके मोठे करून दाखवणाऱ्या दृश्यात) जायचं आणि कडेकडेने फिरायचं. कुंचल्याचे फटकारे जिथे एकमेकांना भेटतात तिथेच फट निघते, निदान दहातल्या आठ वेळा.

एकदा भरलेला करडा (ठिपक्याआड ठिपका) पॅटर्न बदलायला परत बादली ओतली तर काहीच झाल्यासारखं वाटत नाही. बारकाईने पाहिलं तर एकच ठिपका बदललेला असतो. बादलीला ‘करडी पाकळी’ दिसत नाही. तिला सुटे काळे ठिपके आणि त्यांच्यामधली सुटी पांढरी जागा दिसते. मॅकपेंटमध्ये वस्तू नाही, ठिपका आहे. रेघ मारून झाली की ती रेघ उरत नाही, अक्षर लिहून बाहेर क्लिक केलं की ते अक्षर उरत नाही. या सॉफ्टवेअरवर लोक जेवढे वैतागतात, त्यातलं बहुतेक सगळं हे विसरल्यामुळे. पाकळी आधी पांढरी करून घ्या, मग भरा.

बुधवार

पॅटर्न खाली ३८ आहेत. एखाद्यावर डबल-क्लिक केलं की ८ बाय ८ ची चौकट उघडते, ठिपका दाबला की काळ्याचा पांढरा होतो. रांगोळीसाठी स्वतःचे दोन करावेत: एक विरळ, चौसष्टांत चार ठिपके, एक दाट, सोळा. दोन्हीत ठिपके समान अंतरावर हवेत, नाहीतर भरल्यावर नको असलेले पट्टे उमटतात. हे बदल त्या चित्राच्या फाइलीबरोबर जातात. फाइलीच्या सुरुवातीला ५१२ बाइटचा मथळा असतो, त्यात प्रत्येकी ८ बाइटचे ३८ पॅटर्न, एकूण ३०४ बाइट, साठवलेले असतात.

आठच का? आठ ठिपके म्हणजे बरोबर एक बाइट. ओळ ७२ बाइटची. कुठल्याही पॅटर्नने पान भरा, प्रत्येक ओळीत एकच बाइट ७२ वेळा येतो, आणि साठवताना तो ‘हा बाइट, इतक्या वेळा’ असा दोन बाइटांत मावतो. म्हणजे ७२० ओळींचे १,४४० बाइट आणि मथळा, एकूण १,९५२. कोरं पान असो वा करडं पान, फाइल तेवढीच. चारशे केबीच्या फ्लॉपीच्या जमान्यात ही काटकसर उगाच नव्हती.

पॅटर्न पानाच्या आठाच्या जाळीला धरून पडतो, म्हणून शेजारशेजारच्या दोन पाकळ्या वेगवेगळ्या भरल्या तरी सांधा दिसत नाही. पण भरलेली पाकळी उचलून तीन ठिपके बाजूला ठेवली की शिवण दिसते, चुकीच्या जागी जोडलेल्या चौकड्यासारखी. हलवायचं तर आठाच्या पटीत, ‘ग्रिड’ चालू ठेवून. नाहीतर आधी जागा नक्की करावी, नंतर भरावं.

गुरुवार

आज अक्षरं, आणि खरं काम हेच. मॅकपेंटला देवनागरी येत नाही, आपण काढायची. त्याचा एक फायदा: बऱ्याच फॉण्टांत हिंदी वळणाचे ल आणि श मिळतात, इथे मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श आपल्या हातात आहे.

पेन्सिलवर डबल-क्लिक केलं की फॅटबिट्स. किंवा कमांड कळ दाबून जिथे पेन्सिल टेकवाल तिथलाच भाग आठपट मोठा होतो. त्या खिडकीत खरे ठिपके ५२ बाय ३० एवढेच मावतात. अक्षराचं माप त्यातूनच निघतं: शिरोरेघ २ ठिपके, तिच्याखाली अंग १४, वर वेलांटीसाठी ७, खाली उकारासाठी ६. बेरीज २९, म्हणजे न सरकता बसतं. डावीकडे वर खऱ्या मापातलं छोटं चित्र असतं, ते कोपरा अडवतं, म्हणून अक्षर उजवीकडे धरावं. सरकायचं असेल तर ऑप्शन कळ दाबून ओढायचं. नजर मात्र सारखी त्या छोट्या चित्रावर हवी. मोठ्या चौकोनांत जे देखणं दिसतं ते खऱ्या मापात कित्येकदा नुसता गोळा असतो.

पेन्सिलीचा नियम: पहिला ठिपका पांढऱ्यावर टेकला तर काळं उमटतं, काळ्यावर टेकला तर पांढरं, बटण सोडेपर्यंत तेच. दुरुस्तीला खोडरबर लागतच नाही.

‘शुभ दीपावली’ला व्यंजनं सहा: श, भ, द, प, व, ल. शिवाय एक उकार, एक काना, दोन दीर्घ वेलांट्या. आधी काना: २ ठिपके रुंद, शिरोरेघेपासून तळापर्यंत. तोच प, व, भ यांचा उजवा दांडा होतो, त्यावर कमान चढवली की दीर्घ वेलांटी. मग प, त्यात डावीकडची वाटी उघडी. मग व, त्याचं पोट गोल. पाकळीच्या ल ची एक पाकळी काढून तिची नक्कल आडवी उलटवली की दुसरी पाकळी जवळपास तयार. अगदी आरशातली ठेवू नये, उजवी एखादा ठिपका सैल सोडावी, नाहीतर अक्षर छापाच्या ठशासारखं निर्जीव दिसतं.

शिरोरेघ प्रत्येक अक्षराच्या पूर्ण रुंदीची ठेवली की शेजारी ठेवताच जोडली जाते. अपवाद भ. त्याची शिरोरेघ डावीकडे तुटली नाही तर तो म होतो आणि कार्डावर ‘शुम’ उमटतं. ती फट निदान २ ठिपक्यांची हवी. एका ठिपक्याची पडद्यावर कशीबशी दिसते, छापल्यावर बुजते.

वेलांटी उचलून द वर चढवताना चौकोनी निवड वापरू नये. चौकोन आपल्याबरोबर आतला पांढरा भागही नेतो, आणि तो पांढरा ठोकळा खालची शिरोरेघ खाऊन टाकतो. लॅसो (फास टाकून निवडायचं हत्यार) वापरायचा: तो काळ्या ठिपक्यांपर्यंत आवळला जातो. ऑप्शन दाबून ओढलं की मूळ जागीच राहतं आणि नक्कल हातात येते. दुसरी वेलांटी अशीच ल ला.

सगळं मिळून ओळ साधारण १२५ ठिपक्यांची झाली, कागदावर पावणेदोन इंच. कमांड दाबून ताणता येतं, पण ताण दुपटीचाच हवा. दीडपट केलं की काही ठिपके एकेरीच राहतात, काही दुहेरी होतात, आणि अक्षरांची वळणं वेडीवाकडी दिसतात.

शनिवार

कार्डावर पणतीचा फोटो. फोटो आजच्या संगणकावर ४१६ ठिपके रुंदीच्या आत आणायचा, मग अॅटकिन्सनच्याच पद्धतीने काळा-पांढरा करायचा. ती अशी: प्रत्येक ठिपक्याला काळा किंवा पांढरा ठरवताना जी चूक राहते तिचा प्रत्येकी एक-अष्टमांश भाग सहा शेजाऱ्यांना वाटायचा, उजवीकडचे दोन, खालच्या ओळीतले तीन, आणि दोन ओळी खालचा एक. आठांपैकी दोन भाग वाटलेच जात नाहीत. म्हणून उजेड आणखी उजळतो, सावली आणखी गडद होते. पणतीच्या ज्योतीला हे मानवतं. चेहऱ्याला मानवेलच असं नाही.

क्रम चुकवू नये: आधी लहान, मग ठिपके. ठिपके पाडून झाल्यावर मॅकपेंटमध्ये ताणलं तर जाळी पडते आणि ती निघत नाही. अशा चित्रावर बादलीही चालत नाही. फाइलही फुगते, कारण सलग सारखे बाइट सापडतच नाहीत. पानभर असा फोटो असेल तर ओळीला ७२ ऐवजी ७३ बाइटही होतात.

नेटपीबीएम या चित्र-रूपांतराच्या संचातल्या पीबीएमटुमॅकपी प्रोग्रॅमने मॅकपेंटची फाइल बनते. ती डिस्क इमेजवर टाकल्यावर मॅकपेंटच्या ‘ओपन’ यादीत दिसलीच नाही, तर तिचा प्रकार ‘पीएनटीजी’ असा नोंदलेला नाही. एखाद्या उपयुक्तिकेने प्रकार ‘पीएनटीजी’ आणि कर्ता ‘एमपीएनटी’ लिहावा, की दिसते.

रविवार

कार्ड बाहेर काढणं. त्याच संचातल्या मॅकपीटुपीबीएमने उलट रूपांतर, मग पूर्ण पटीतच मोठं करायचं. चौपट केलं तर २,३०४ बाय २,८८०, आणि २८८ ठिपके प्रति इंचाने छापलं की मूळचाच ८ बाय १० इंचाचा कागद. मोठं करताना कडा मऊ करणारी पद्धत बंद ठेवावी. पीएनजी म्हणून जतन करावं; जेपीईजी प्रत्येक ठिपक्याभोवती धुरकट कडं सोडतं.

चित्र बाहेर आल्यावर डावीकडची ६४ ठिपक्यांची पट्टी उजव्या कडेला जाऊन चिकटलेली दिसली, तर चित्र खराब झालेलं नाही. फाइलीच्या आधी मॅकबायनरीचा (मॅकची फाइल दुसऱ्या यंत्रांवर नेताना गुंडाळायच्या पद्धतीचा) १२८ बाइटचा जादा मथळा लागलेला आहे. वाचणारा प्रोग्रॅम ५१२ बाइट सोडून पुढे वाचतो, त्याच्या वाट्याला खऱ्या मथळ्याच्या शेपटाकडचे १२८ शून्य बाइट येतात. त्यांतून ६४ कोरे बाइट उलगडतात, ओळ ७२ ची, म्हणून सगळं आठ बाइटांनी, म्हणजे ६४ ठिपक्यांनी, फिरतं. मॅकपीटुपीबीएमच्या ‘एक्स्ट्रास्किप’ पर्यायात १२८ लिहिलं की पट्टी जागेवर येते.