तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांनी घेऊन दिलं तर चालतं का?

मी डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहते आणि सुट्टीच्या दिवशी एका शूटिंग रेंजवर नवख्यांना बंदूक हाताळायला शिकवते. ही बातमी इथल्या मराठी मंडळात पसरली तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. गणपतीत प्रसादाच्या रांगेत येतो, कुणाच्या डोहाळजेवणात येतो, एकदा तर देशी ग्रोसरीत भेंडी निवडताना आला. आवाज जरा खाली येतो, इकडेतिकडे पाहिलं जातं आणि मग: "ताई, आमचा एकोणीस वर्षांचा झालाय. पिस्तूल हवंय म्हणतो. दुकानात देत नाहीत. त्याच्या बाबांनी घेऊन दिलं तर चालतं का?"

तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदाचं सविस्तर लिहूनच टाकते. मी वकील नाही, पण रेंजवर शिकवायचं तर हे नियम पाठ असावेच लागतात.

टेक्सासपुरतं छोटं उत्तर, हो, चालतं. एवढं ऐकलं की बहुतेक जण खुशीत निघायला लागतात. त्यांना मी थांबवते. त्या 'हो'च्या मागे काही प्रश्न उभे असतात आणि आपल्या घरांत त्यांतला एक तरी नडतोच.

आधी नियम. एकवीसची अट आहे ती दुकानदारावर. ज्याच्याकडे बंदुका विकायचा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, परवाना आहे, त्याला एकवीस वर्षांखालच्या कुणालाही हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर, विकता येत नाही. तिची काडतुसंही नाहीत. रायफल किंवा शॉटगन मात्र अठराव्या वर्षी मिळते. जो विक्रेता नाही, तुमच्या-माझ्यासारखा साधा माणूस आहे, त्याच्यावरचं बंधन अठराचं. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात त्याने हँडगन द्यायची नाही. हे बंधन १९९४ मध्ये आलं आणि त्यातही आईवडिलांच्या लेखी परवानगीने नेमबाजीचा सराव, शिकार, शेतीवाडीचं काम अशा गोष्टींना सूट आहे. म्हणजे अठरा ते वीस या वयात हँडगन बाळगायला फेडरल कायद्याची ना नाही, पण काउंटरवरून ती मिळायची नाही. कुणीतरी द्यावी लागते.

याला बरेच जण पळवाट म्हणतात. मला ते पटत नाही. दुकानदारावरचा हा एकवीसचा कायदा १९६८ चा. त्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची. त्याआधी १९६३ मध्ये जॉन केनेडींवर झाडलेली रायफल तर टपालाने मागवलेली होती. बंदुका कुणाच्या हाती आणि कशा जातात याची काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, काही वर्षं चर्चा चालली होती. त्यात एक काळजी अशी होती की पोरं घरच्यांना पत्ता न लागू देता पिस्तुलं मिळवतात. सिनेटच्या समितीने आपल्या अहवालात स्पष्टच म्हटलं की मुलाकडे शस्त्र असावं असं आईवडिलांना वाटत असेल, तर ते त्याच्यासाठी आणू शकतील, त्याला आडकाठी नाही. तेव्हा ही पळवाट नव्हे, हे दार आहे, आणि दारात आईबापांना मुद्दाम उभं केलेलं आहे. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर आहे. 'चालतं का' विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना कळलेलं असतं की ते परवानगी मागत नाहीयेत, परवानगी देण्याचं काम त्यांच्याच गळ्यात आहे.

आता माझे उलट प्रश्न. पहिला, पैसे कोणाचे?

बाबांनी स्वतःच्या पैशाने पिस्तूल घेतलं आणि लेकाला वाढदिवसाला दिलं, तर ती भेट. दुकानात ४४७३ नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात विचारतात की खरा घेणारा तुम्हीच का? खरोखरची भेट असेल तर बाबांनी 'हो' लिहिलं तरी ते खरंच असतं. पण लेकाने उन्हाळ्यात काम करून साठवलेले पाचशे डॉलर फोनवरून बाबांना पाठवले आणि बाबांनी त्यातून पिस्तूल आणलं, तर खरा घेणारा लेक. मग फॉर्मवरचं 'हो' खोटं ठरतं आणि खोटं लिहिण्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. पैसेच कशाला, काही काम करून देण्याच्या बदल्यात घेतलं तरी फॉर्मच्या व्याख्येने ती भेट उरत नाही.

"घरातल्या घरात कोण बघतंय?" हे पुढचं वाक्य मला पाठ आहे. त्यावर मी ब्रूस अब्राम्स्कीची गोष्ट सांगते. व्हर्जिनियातला हा माजी पोलीस. पेनसिल्वेनियातल्या त्याच्या काकांना ग्लॉक १९ पिस्तूल हवं होतं. पोलिसांना सवलतीत मिळतं म्हणून अब्राम्स्की म्हणाला, मी घेतो. काकांनी चारशे डॉलरचा चेक पाठवला आणि चेकवर कशासाठी तेही लिहिलं, ग्लॉक १९ हँडगन. काका-पुतणे दोघंही बंदूक बाळगायला पात्र. पुढे पेनसिल्वेनियात परवानाधारक दुकानातून, काकांची रीतसर तपासणी होऊनच ते हस्तांतरित झालं. तरी फॉर्मवर 'खरा घेणारा मीच' लिहिलं म्हणून अब्राम्स्की दोषी ठरला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०१४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा कायम राहिली. सवलतीचे थोडे डॉलर वाचवायला गेलेला माणूस! आपल्याकडे कुणाच्या तरी कंपनीच्या डिस्काउंटवर टीव्ही घेणाऱ्यांनी ही गोष्ट जरा दोनदा वाचावी.

दुसरा प्रश्न मी अगदी हळू विचारते, कारण तो आपल्या लोकांत नाजूक असतो. घरात कुणाचं स्टेटस काय?

नोकरीचा एच-वन, त्यावर आलेल्या कुटुंबाचा एच-फोर, शिक्षणाचा एफ-वन, भेटीचा बी-टू, अशा कुठल्याही तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. ग्रीन कार्ड असेल तर हरकत नाही. अपवाद थोडे आहेत. त्यांतला ठळक म्हणजे एखाद्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना. पण तो हातात नसेल तर रेंजवर भाड्याची बंदूक घेऊन चार गोळ्या झाडणंसुद्धा बाळगण्यात मोडतं. भेटीला आलेल्या आईबाबांना "एकदा टेक्सास दाखवू" म्हणत रेंजवर आणणाऱ्यांना मी दारातच थांबवते तेव्हा फार वाईट चेहरे होतात.

हे तुमच्या प्रश्नाला कुठे लागतं ते बघा. मुलगा इथे जन्मलेला, नागरिक. बाबा ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं, अजून एच-वनवरच. अशा घरात बाबा पिस्तूल घेऊन देऊच शकत नाहीत, स्वतःलाच घेता येत नाही. आणि उलटंही होतं. मोठी मुलगी चार वर्षांची असताना आली, बोलण्या-चालण्यात पक्की टेक्सन, पण कागदोपत्री एच-फोर. धाकटा इथला. दोघं एकाच घरात वाढले, एकाच शाळेत गेले, पण कायद्याच्या लेखी एकाला चालतं आणि दुसरीला नाही. नागरिक असलेल्या मामाने भाच्याला भेट दिली तर? चालेल. फेडरल कायदा नातं बघतच नाही. दोघं एकाच राज्याचे रहिवासी आहेत का आणि घेणारा पात्र आहे का, एवढंच बघतो. पण मग ते पिस्तूल एच-वनवाल्या बाबांच्या कपाटात, त्यांनाही किल्ली ठाऊक असलेल्या तिजोरीत ठेवायचं नाही. अशा वेळी मात्र इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे द्यावेत, माझ्या सल्ल्यावर राहू नये.

तिसरा प्रश्न, मूल राहतं कुठे? मी वर 'टेक्सासपुरतं' म्हटलं ते उगाच नाही. न्यू जर्सीत हँडगन विकत घ्यायला राज्याचं परमिट लागतं आणि ते एकविसाव्या वर्षाआधी मिळत नाही. न्यूयॉर्कमध्ये परवान्याशिवाय हँडगनला हातच लावता येत नाही आणि तिथेही थोडे अपवाद सोडले तर एकवीसच. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या मावसबहिणीला इथल्या मैत्रिणीचा सल्ला फॉरवर्ड करू नका.

आणि राज्याची सीमा ओलांडून भेट द्यायची तर फेडरल नियम आडवा येतो. दुसऱ्या राज्यातल्या रहिवाशाला हँडगन थेट देता येत नाही, त्याच्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्यामार्फतच जावं लागतं. पण विक्रेता तर एकवीसखालच्याला हँडगन देऊ शकत नाही! म्हणजे ओहायोच्या आजोबांना टेक्सासच्या एकोणीस वर्षांच्या नातवाला पिस्तूल भेट द्यायचं असेल, तर दोन वर्षं थांबण्यावाचून मार्ग नाही. गंमत म्हणजे आजोबा वारले आणि मृत्युपत्रात ते नातवाच्या नावाने असलं, तर सीमेचा हा नियम लागत नाही. वारशाला मुद्दाम सूट आहे. जिवंतपणी नाही, मेल्यावर हो.

तिकडच्या नातेवाइकांना हे सगळं ऐकून चक्कर येते. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याने, देखरेखीखालचा सराव सोडला, तर एकवीस वर्षांखाली बंदूक बाळगताच येत नाही. वडिलांचं रिव्हॉल्वर मुलाकडे यायचं तर त्याने स्वतःच्या नावावर परवाना काढायचा आणि तोवर ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा. इथे टेक्सासात बापलेकांत ना अर्ज, ना नोंदणी. बाबांनी दुकानातून घेतलं तेव्हा तपासणी झाली ती बाबांची. मुलाची कुणीच केली नाही.

इथे मला खरं बोलायचं असतं आणि समोरच्याला घाई झालेली असते.

२०२२ च्या मे महिन्यात याच टेक्सासातल्या युव्हाल्डीत अठरा वर्षांच्या मुलाने शाळेत गोळीबार केला. त्यानंतर जूनमध्ये आलेल्या कायद्याने, एकवीसखालचं कुणी दुकानात रायफल घ्यायला गेलं तर त्याच्या अल्पवयातल्या नोंदी आणि स्थानिक पोलिसांकडची माहितीही तपासायची ठरली. वेळ लागला तर दहा कामाचे दिवस थांबवता येतं. आईबापांनी दिलेल्या भेटीला यातलं काहीच लागत नाही. ते दहा दिवस, त्या नोंदी, ते फोन, सगळं तुम्हीच. ज्याला बंदूक बाळगायला मनाई आहे त्याला ते माहीत असून, किंवा तसं वाटायला सबळ कारण असून, दिली तर तो तुमचा गुन्हा. गंभीर गुन्ह्यात दोषी, अमली पदार्थ घेणारा, मानसोपचारासाठी सक्तीने दाखल केलेला, अशी ती यादी आहे. "आमचा तसला नाही" हे उत्तर मला नको असतं. त्याच्या रूममेटचं नाव काय, गेल्या सेमिस्टरला त्याने कुठला विषय सोडला, रात्री झोपतो का, हे तुम्हाला ठाऊक आहे का, एवढंच मी विचारते. बऱ्याचदा उत्तर येतं, "अहो, फोनच उचलत नाही."

मिशिगनमधल्या क्रम्बली दांपत्याचं प्रकरण आठवत असेल. मुलगा पंधराचा, म्हणजे तिथे कायदेशीर भेटीचा प्रश्नच नव्हता. वडिलांनी २०२१ च्या ब्लॅक फ्रायडेला नऊ मिलिमीटरचं पिस्तूल घेतलं, चारच दिवसांनी मुलाने ऑक्सफर्ड हायस्कुलात चार विद्यार्थ्यांना मारलं. पैसे आपणच वडिलांना दिले होते, असं मुलाने गुन्हा कबूल करताना सांगितलं. २०२४ मध्ये आई आणि वडील दोघंही सदोष मनुष्यवधात दोषी ठरले. प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षं. आणि सँडी हूकच्या शाळेत गोळीबार करणारा हल्लेखोर वीस वर्षांचा होता. बंदुका आईच्या. तपास अहवालात एक ओळ आहे की नाताळला त्याला पिस्तूल घेता यावं म्हणून आईने चेक तयार ठेवला होता. ती पहिली मेली.

अशी प्रकरणं विरळा, हे मान्य. पण अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात आणि त्या बातमीत येत नाहीत. घरापासून लांब, परीक्षेत आपटलेला, ब्रेकअप झालेला, कुणाशी न बोलणारा एकोणीस वर्षांचा मुलगा आपल्या मंडळात एकही नाही, असं कोण म्हणेल?

मी बंदुकीच्या विरोधात नाही, माझ्या घरात आहेत. या वयाची फार चांगली, जबाबदार मुलं-मुली मी शिकवली आहेत. एकवीसच्या नियमाबद्दल न्यायालयांतही एकमत नाही. २०२५ च्या जानेवारीत टेक्सास ज्याच्या अखत्यारीत येतं त्या पाचव्या सर्किटने, म्हणजे फेडरल अपील न्यायालयाने, तो घटनाबाह्य ठरवला, जूनमध्ये चौथ्या सर्किटने वैध ठरवला. म्हणून उद्यापासून दुकानात सगळ्यांना सरसकट मिळणार, असं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून समजू नका. मला विचाराल तर अठराव्या वर्षी सैन्यात जाणाऱ्याला दुकानात पिस्तूल नाकारणं विचित्र आहे, हा युक्तिवाद पोकळ नाही. तरीही तो नियम असावा असं मला वाटतं. त्यामुळे पोराला आधी घरात तोंड उघडावं लागतं. तो नियम गेला तर तुमचा मुलगा तुम्हाला विचारायला येणार नाही आणि तुम्हीही मला विचारणार नाही.

तुमच्या घरापुरतं सांगायचं तर तुम्ही दोघं नागरिक, मुलगा ऑस्टिनला, म्हणजे राज्यातच. पैसे तुमचे असतील तर कायद्याची अडचण दिसत नाही. भेट दिलीत तर तारीख आणि सीरियल नंबर एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. कायदा मागत नाही, पण उद्या ते चोरीला गेलं तर पोलीस आधी दुकानातल्या कागदावरचं नाव शोधत येतील, आणि ते नाव तुमच्या यजमानांचं असेल. डॉर्ममध्ये काय चालतं ते युनिव्हर्सिटीच्या नियमांत बघा. पण त्याआधी मुलाला माझ्या क्लासला पाठवा. फक्त त्यालाच नको, बाबांनाही. फॉर्मवर सही त्यांची असणार आहे.