तुम्ही विचारलंत म्हणून : वरच्या दुधावरचं

शेळीपालन शिकायला येणारी मंडळी आणि परदेशात राहणारे ओळखीचे लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात. ऑस्ट्रेलियात बाटलीनं वाढवलेल्या वासराला-कोकराला 'पॉडी' म्हणतात, अमेरिकेच्या पश्चिमेकडचे मेंढपाळ अशा कोकराला 'बमर' म्हणतात, इंग्लंडच्या खेड्यांत 'केड' म्हणतात. मग आपल्याकडे काय म्हणतात?

आमच्या माणदेशातल्या बोलण्यात त्याला असं एकच नाव नाही. पिल्लू कशावर जगतंय, ते आम्ही सांगतो. आईचं पीत असेल तर 'अंगावर पितंय'. आई नसेल तर 'वरच्या दुधावर हाय'. बाटल्या आल्या तसं 'बाटलीवरचं' म्हणायला लागलो. पाला ओरबाडायला लागलं की 'पाल्यावर आलं'. अंगावरचं दूध, वरचं दूध, तान्हं, पोरकं हे सगळे शब्द घरातल्या बाळासाठी आहेत तेच गोठ्यातही चालतात. आईवेगळ्या करडासाठी निराळा शब्द पाडायची गरज आमच्या बायांना कधी पडली नसावी, कारण त्यांच्या हाताखालचं काम दोन्हीकडे एकच होतं.

नावं आहेत ती वयावरून आणि नर-मादीवरून. गाईचं वासरू, त्यातली कालवड आणि गोऱ्हा. म्हशीचं रेडकू, त्यातली मादी मोठी होताना वगार. शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोडीचं शिंगरू. करडांतली मादी वाढली की पाट. बाजारात गेलं की तेच जनावर दातांवरून ओळखलं जातं: दुधाचे दात पडले नसतील तर आदत, पुढं दोनदाती, चारदाती. ते कुणाच्या दुधावर वाढलं, हे तिथं कुणी विचारत नाही.

पिल्लू वरच्या दुधावर येतं ते तीन कारणांनी. आई मेली, आईला दूध नाही, किंवा आई 'घेत नाही'. या 'घेत नाही'वर मला थोडं जास्त बोलायचंय, कारण नवखी माणसं इथंच घाबरतात. पहिलटकरीण शेळी कधीकधी स्वतःच्या करडाला हुंगते, मागं सरते आणि ढुशी मारते. जुळं झालं की एकाला घेते, दुसऱ्याला झिडकारते. शेळी-मेंढी आपलं पिल्लू पहिल्या काही तासांत वासानं ओळखून ठेवते. त्या वेळात पिल्लू दूर राहिलं किंवा फार पुसून काढलं, तर नातं जुळायला अडचण येते. म्हणून वेताच्या वेळी उगाच मधेमधे करू नका. चाटू द्या. चाटत नसेल तर पिल्लाच्या अंगाला थोडं मीठ चोळतात, चवीनं ती चाटायला लागते.

आई मेली असेल तर पहिला प्रयत्न 'लावायचा'. लावणं म्हणजे दुसरीच्या पदरात घालणं. नुकत्याच व्यालेल्या शेळीचं वारेबरोबर (पोटात पिल्लाला पोसते ती वार) आलेलं पाणी पोरक्या करडाच्या अंगाला चोळायचं, तिची मान धरून त्याला सडाला लावायचं, दिवसातून चार-पाच वेळा. काही दिवसांनी ती मान न धरता उभी राहते. ज्या बाईनं हे धीरानं केलंय, तिच्याइतकं जनावर कुणाला कळत नाही, असं माझं मत आहे.

लागलंच नाही, तर बाटली. पण त्याआधी चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध. शहरातल्या लोकांना चीक म्हटलं की खरवस आठवतो. गोठ्यात तो पिल्लाचा हक्क आहे. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात वाढणाऱ्या पिल्लाला वारेतून आईची रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. आणि ती रक्तात उतरवून घेण्याची आतड्याची ताकद साधारण 24 तासांत संपते. म्हणून पहिल्या एक-दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे, आणि पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा. अडीच किलोच्या करडाला सुमारे 250 मिली, थोडाथोडा करून. आई मेली असेल तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या शेळीचा किंवा गाईचा मागून आणायचा. आमच्याकडे चिकाला कुणी नाही म्हणत नाही.

दूध अंगाच्या उबेइतकं, 38-39 अंशांचं असावं. करडू स्वतःच्या पायावर उभं, मान थोडी वर. मांडीवर उताणं घेऊन बाळासारखं पाजू नका, दूध श्वासनळीत जातं. पिल्लू चोखतं तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाची खोबण मिटून नळी होते आणि दूध पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिल्यात न सांडता थेट चौथ्यात जातं. जबरदस्तीनं ओतलं तर ही नळी नीट होत नाही, दूध पहिल्या कप्प्यात नासतं. वासराला बादलीची सवय लावताना दुधात बुडवलेली दोन बोटं त्याच्या तोंडात द्यायची, ती चोखतचोखत ते तोंड खाली नेतं.

मेंढपाळांच्या वाड्यावर, म्हणजे कळपाच्या मुक्कामावर, हे काम बायांचंच. कळप चरायला गेला की कोवळी कोकरं मागं वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात राहतात. संध्याकाळी मेंढ्या आल्या की कुणाचं कोणतं, हे ओळखून पाजायचं. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतला जनुक आणून 'नारी सुवर्णा' मेंढी तयार केली, ती पुष्कळदा जुळी देते. जुळ्यातलं दुबळं वरच्या दुधावर येण्याची शक्यता जास्त, तेव्हा जुळी हवी असतील तर पाजायचे हातही घरात हवेत.

एक गोष्ट मला बोचते. म्हशीला वगार झाली तर तिच्यासाठी चीक मागून आणतात. नर रेडकू झालं की बऱ्याच गोठ्यांत त्याच्या वाट्याचं दूध विकलं जातं, ते हळूहळू वाळतं. मग मरतं, आणि म्हैस पान्हवावी म्हणून त्याच्याच कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढं ठेवतात. मी हे कधी केलं नाही आणि शिकायला येणाऱ्यांनाही शिकवत नाही. पहिले दोन आठवडे तरी नराला पोटभर पाजा, पुढं विकायचं तर विका.

वरच्या दुधावरचं पिल्लू माणसात 'सोकावतं'. कळपात सोडलं तरी परत दारात येतं. बोकड असेल तर जपा: करडू असताना मांडीला दिलेली ढुशी गोड वाटते, 40 किलोचा झाल्यावर पोर आडवं पडतं. म्हणून दोन-तीन आठवड्यांचं झालं की दिवसा इतर करडांत ठेवा, पाला टांगा आणि तीन महिन्यांच्या आसपास बाटली बंद करा. सगळ्या करडांबरोबर चरायला जाऊ लागलं की त्याला बाटलीवरचं म्हणायचं बंद होतं. मादी असेल तर ती आता नुसती पाट.