डाव्या पायाचा डाव

कुस्तीत प्रत्येक नामी पैलवानाचा एक हुकमी डाव असतो. कुणाची ढाक, कुणाचा घिस्सा, कुणाचा एकेरी पट. गंमत म्हणजे त्यात गुपित असं काही नसतं. समोरच्या पैलवानाला ते ठाऊक असतं, त्याच्या वस्तादाला ठाऊक असतं, मैदानाच्या कडेला शेंगा फोडत बसलेल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक असतं. तरी डाव लागतो आणि माणूस अस्मान बघतो.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचे संघसुद्धा तालमींचे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार. त्यामुळे फुटबॉलचं बोलणंही कुस्तीच्या भाषेत चालतं, आणि हॉलंडचा फुटबॉलपटू आर्येन रॉबेन पहिल्यांदा टीव्हीवर नीट बघितला तेव्हा शेजारी बसलेले काका एवढंच म्हणाले, "ह्याचा एकच डाव हाय, पण हुकमी हाय."

तो डाव असा. रॉबेन उजव्या कडेला, पांढऱ्या रेषेला जवळजवळ चिकटून उभा. चेंडू येतो. तो दोन पावलं सरळ जातो, खांदा किंचित खाली घालतो, डाव्या पायाच्या बाहेरच्या अंगानं चेंडू आत ढकलतो आणि आडवा धावू लागतो, गोलला समांतर. पावलं बारीक, भराभर, शिलाई मशीनच्या सुईसारखी. चेंडू पायापासून वीतभरसुद्धा लांब जात नाही. समोरचा बचावपटू उलटा उलटा सरकतोय, आता मारेल, आता मारेल म्हणत पाय मध्ये घालतोय. आणि तो पाय जमिनीवरून उचलला गेल्याच्या नेमक्या क्षणी चेंडू सुटतो, वळत वळत लांबच्या खांबाच्या आतल्या बाजूनं जाळीत.

"आत वळणार बघ."

"वळला की रं!"

हा संवाद आमच्या घरात इतक्या वेळा झाला की पुढे पुढे तो न बोलताच व्हायचा.

आता ह्यात मोठं असं काय? डावखुऱ्याला डाव्या कडेला उभं करायचं, त्यानं रेषेपर्यंत पळत जाऊन चेंडू मध्ये टाकायचा, ही जुनी रीत. डावखुरा उजवीकडे उभा राहिला की हिशोब फिरतो. आत वळला की सगळा गोल त्याच्या चांगल्या पायासमोर उघडा पडतो. बायर्न म्युनिक ह्या जर्मन संघात त्याच्या पाठीमागून बऱ्याचदा बचावपटू फिलिप लाम बाहेरच्या अंगानं सुसाट यायचा, म्हणजे बचावपटूला आतली वाट अडवून बाहेरची मोकळीही सोडता यायची नाही. पण हे सगळं फळ्यावर काढून दाखवण्यापुरतं. उजव्या कडेनं खेळणारे डावखुरे पुढं ढिगानं आले, त्यांतल्या बहुतेकांना लोकांनी अडवलंच. काका म्हणायचे तेच मला पटतं. डाव कुठला ते सगळ्यांना कळतं, कधी ते एकट्या डाव टाकणाऱ्याला कळतं. रॉबेनचं सगळं भांडवल त्या 'कधी'त होतं.

हा माणूस नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या बेडुम नावाच्या लहानशा गावातला, जन्म 1984 चा. आधी जवळच्याच ग्रोनिंगनचा संघ, मग पीएसव्ही, चेल्सी, रेआल माद्रिद. चेल्सीत दोनदा लीग जिंकली, माद्रिदमध्ये एकदा. तरी माझ्या मते खरा रॉबेन सुरू होतो तो ऑगस्ट 2009 मध्ये. बायर्न म्युनिकशी करार झाला आणि दुसऱ्याच दिवशी, 29 तारखेला, वोल्फ्सबुर्गविरुद्ध मध्यंतरानंतर तो बदली म्हणून उतरला. वोल्फ्सबुर्ग तेव्हाचे जर्मन लीगचे विजेते. त्यानं दोन गोल केले, दोन्ही फ्रँक रिबेरीच्या मदतीनं. एक डाव्या कडेला, एक उजव्या कडेला, ही जोडी पुढे दहा वर्षं टिकली. आमच्याकडे भाऊबंदकीत दोन सख्खे इतकी वर्षं एका घरात टिकत नाहीत.

दिसायला मात्र खेळाडू वाटायचा नाही. पंचविशीतच टक्कल, चेहऱ्यावर कायमची तक्रार. सहकारी बँकेतला पासिंग ऑफिसर चुकून मैदानात उतरलाय, असं वाटावं. त्यात सारखा दुखापतीत. त्याच्याच देशात त्याला 'काचेचा माणूस' म्हणायचे. आणि पडायचा! 2014 च्या वर्ल्डकपमध्ये मेक्सिकोविरुद्ध शेवटच्या मिनिटांत त्याच्या पडण्यावर पेनल्टी मिळाली आणि हॉलंड 2-1 नं जिंकला. मेक्सिकोवाले अजून ती पेनल्टी मानत नाहीत. पहिल्या अर्ध्यात एकदा आपण मुद्दाम पडलो, हे त्यानं सामन्यानंतर स्वतःच कबूल केलं, शेवटचं पडणं मात्र खरं होतं म्हणाला. मी त्याचा चाहता आहे, त्यामुळे ह्या विषयावर अधिक बोलत नाही.

जुलै 2010 मधली ती रात्र मात्र अंगावरून जात नाही. जोहान्सबर्गला वर्ल्डकपची फायनल, आपल्याकडे मध्यरात्र. गल्लीत ब्राझील, अर्जेंटिनाचे फ्लेक्स अजून लटकत होते, पण ते संघ कधीच घरी गेले होते. बासष्टाव्या मिनिटाला त्याच्याच संघातल्या स्नायडरनं मधून चेंडू सोडला आणि रॉबेन एकटा निघाला. समोर फक्त स्पेनचा गोलरक्षक इकर कासियास. वळायचं नव्हतं, आत यायचं नव्हतं, सगळं मैदान मोकळं. कासियास चुकीच्या बाजूला झेपावलासुद्धा. पण जाता जाता त्याचा पाय मागे राहिला, बुटाच्या टोकाला चेंडू लागला आणि बाहेर गेला. बोटभर. पुढे जादा वेळेत इनिएस्तानं गोल केला आणि स्पेन 1-0 नं जिंकला. काका उठले, चपला घातल्या आणि एक शब्द न बोलता गेले.

दोन वर्षांनी त्याहून वाईट. एप्रिल 2012 मध्ये जर्मनीतल्याच डॉर्टमुंडविरुद्ध पेनल्टी वाया गेली, त्यांचा गोलरक्षक वाइडेनफेलरनं धरली. मे महिन्यात चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यांत मोठ्या स्पर्धेची, फायनल बायर्नच्याच घरच्या मैदानावर, समोर त्याचाच जुना संघ चेल्सी. जादा वेळेत पुन्हा पेनल्टी, पुन्हा रॉबेन, आणि जुना सोबती, चेल्सीचा गोलरक्षक पेत्र चेकनं ती अडवली. सामना गेला. तीन दिवसांनी त्याच मैदानावर बायर्न आणि हॉलंड यांच्यात मैत्रीचा सामना होता. 2010 च्या वर्ल्डकपमुळे चिघळलेल्या रॉबेनच्याच दुखापतीवरून वाद झाला होता, त्याची भरपाई म्हणून ठरलेला. त्यात बायर्नच्या प्रेक्षकांनी त्याला शिट्ट्या मारून हैराण केलं. स्वतःच्या दुखापतीच्या भरपाईला स्वतःच शिव्या खायच्या. आपल्या गावच्या जत्रेत आपलीच हुर्यो उडावी, तसं.

आणि म्हणून 25 मे 2013. लंडनचं वेम्बली, पुन्हा चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर पुन्हा डॉर्टमुंड, गोलमध्ये पुन्हा तोच वाइडेनफेलर. पहिल्या अर्ध्यात त्यानं रॉबेनला दोन-तीनदा थोपवलं, एकदा तर चेंडू थेट तोंडावर घेतला. आमच्याकडे काका, "आज बी नाही व्हायचं" असं पुटपुटत होते. 1-1. एकोणनव्वदावं मिनिट. रिबेरीनं टाचेनं चेंडू मागे सोडला आणि रॉबेन मधूनच घुसला. उजवी कड नाही, आत वळणं नाही, वळणारा फटका तर नाहीच. ज्या डावावर नाव झालं तो त्या रात्री कामालाच आला नाही. डाव्या पायानं जरासं टोचलं. वाइडेनफेलर एका बाजूला कलला आणि चेंडू दुसऱ्या बाजूनं गडगडत गेला. इतका सावकाश की आम्हाला उठून उभं राहायला, काकांना माझा दंड पकडायला आणि आईला आतून "काय झालं रे?" विचारायला वेळ मिळाला, तरी तो जाळीत पोचायचाच होता.

पुढचं सगळं बोनस. 2019 मध्ये बायर्नमधून निघताना खात्यात आठ जर्मन लीग. घरच्या शेवटच्या सामन्यात तो आणि रिबेरी दोघंही बदली म्हणून आले आणि दोघांनीही गोल केले. बायर्नसाठी लीगमधले त्याचे गोल झाले 99. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला ह्या आकड्यानं आजही झोप लागत नाही, त्याला बहुधा लागत असावी. मग निवृत्ती, मग वर्षभरानं ती मोडून पुन्हा ग्रोनिंगन, तिथं पहिल्याच सामन्यात अर्ध्या तासात दुखापत, आणि 2021 मध्ये कायमचा रामराम.

2022 च्या एप्रिलमध्ये तो रॉटरडॅमची मॅरेथॉन धावला. 3 तास 13 मिनिटं. काचेचा माणूस म्हणे! मी काकांना फोन करून सांगितलं. बेचाळीस किलोमीटर हे ऐकून ते जरा गप्प राहिले.

"सरळच पळला?" त्यांनी विचारलं.

"सरळच."

"कुठंतरी आत वळला असंल बघ."