सर्व्हरचं बिऱ्हाड हलवलं, एक ओळ मागे राहिली

दोन महिने टाळत होतो ते शेवटी उरकलं, आमच्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रोजेक्टचा सगळा संसार नव्या होस्टवर, म्हणजे नव्या सर्व्हरवर गेला. जुन्या मशीनबद्दल तक्रार नाही, बिचारी दहा वर्षं निमूट चालली, पण ऑपरेटिंग सिस्टिम इतकी जुनी की सिक्युरिटी अपडेट कधीच बंद झालेले, आणि डिस्क ९४ टक्के भरलेली.

कोडचं टेन्शनच नव्हतं. गिट आहे (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी सिस्टिम), प्रत्येकाच्या लॅपटॉपवर अख्खी हिस्टरी पडलेली असते, मिरर क्लोन मारला, म्हणजे पूर्ण नक्कल काढली, आणि नव्या जागी पुश केला (चढवला), झालं. फक्त एसएसएचच्या (सर्व्हरवर सुरक्षित लॉगिनच्या) होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या, आठवणीने जुन्या मशीनवरून उचलल्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना 'होस्टची ओळख बदलली' अशी भलीमोठी वॉर्निंग आली असती आणि अर्ध्या लोकांनी न वाचताच ती उडवून लावली असती, जे जास्त वाईट.

भिजत घोंगडं होतं ते बग ट्रॅकरचं, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका नोंदवायच्या साइटचं. त्याचा डेटाबेस पोस्टग्रेस, त्याचं डेटा फोल्डर आरसिंकने (फायली कॉपी करायचं टूल) जसंच्या तसं उचलायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. पण २०१८ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ आलं त्यात अक्षरांचा क्रम लावायचे नियम बदललेत, आणि आमचं जुनं मशीन त्याच्या अलीकडचं, नवं पलीकडचं. असं फोल्डर उचललं की टेक्स्टवरचे इंडेक्स (पटकन शोधायच्या क्रमवार याद्या) चुकीचे ठरतात, आणि गंमत म्हणजे एरर काहीच येत नाही. युजर आहे पण शोधला तर सापडत नाही, युनिक कॉलममध्ये एकच नाव दोनदा घुसतं, आणि हे कळतं महिन्याभराने. म्हणून गुपचूप पीजी-डंपने सगळा डेटा बाहेर काढला आणि नव्या मशीनवर रिस्टोर केला, त्यात इंडेक्स नव्याने बनतात. ४० मिनिटं गेली, गेली तर गेली.

डीएनएसचंही (साइटच्या नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) नीट केलेलं, म्हणजे मला तसं वाटलेलं. टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा, ८६४०० सेकंद होता, म्हणजे पूर्ण एक दिवस, तो तीन दिवस आधीच ३०० वर आणून ठेवला. शनिवारी रात्री ए रेकॉर्ड (नावापुढची पत्त्याची नोंद) बदलला, पाच मिनिटांत माझ्याकडे नवी साइट उघडली, म्हटलं जिंकलो, झोपलो.

सकाळी एका कॉन्ट्रिब्युटरचा (प्रोजेक्टला हातभार लावणाऱ्याचा) मेसेज, 'मी मघाशी टाकलेला बग मोबाईलवरून दिसतो पण ऑफिसमधून दिसत नाही.' मी शहाणपणा केला, कॅशे क्लिअर कर म्हणालो. त्याने शांतपणे स्क्रीनशॉट पाठवला. बग नंबर ४३१२, शीर्षक त्याचं. मी माझ्याकडे ४३१२ उघडला तर तिथे भलत्याच माणसाचा, भाषांतरातल्या चुकीचा बग. पोटात गोळाच आला. दोन ट्रॅकर एकाच वेळी जिवंत होते आणि दोघंही बिनधास्त नंबर वाटत सुटले होते.

कारण काय तर एएएए रेकॉर्ड. ए रेकॉर्ड आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीच्या पत्त्या) चा, एएएए आयपीव्ही६ (नव्या पद्धतीच्या पत्त्या) चा, आणि दुसरा मी बदललाच नव्हता. ज्यांच्या नेटवर्कवर आयपीव्ही६ आहे ते सगळे इमानेइतबारे जुन्या मशीनवर जात होते. माझ्या घरी आयपीव्ही६ नाही, म्हणून मला सगळं छान दिसत होतं. जुना वेब सर्व्हर सरळ बंद केला असता तर ब्राउझरने आपोआप आयपीव्ही४ धरलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं, पण मी 'असू दे चालू, सेफ आहे' म्हणून ठेवलेला. सर्टिफिकेटही (साइट खरी असल्याचा दाखला) जुन्या मशीनवरूनच कॉपी केलेलं. नव्या मशीनवर नवीन मागवायला गेलो असतो तर ते देणारी संस्था लेट्स एन्क्रिप्ट आधी आयपीव्ही६ वरच जाऊन बघतं, तिथेच आपटलं असतं आणि चोरी पकडली गेली असती. म्हणजे जिथे जिथे मी सावधपणा केला तिथे तिथे घोळ झाकला गेला, काय बोलणार.

जुन्यावर ११ बग अडकलेले. ते हाताने, नवे नंबर देऊन इकडे आणले. त्यात एकाने तोवर कमिट मेसेजमध्ये (कोडमधल्या बदलासोबतच्या टिपेत) '४३१२ फिक्स' लिहून पुश पण केलेलं, आणि ट्रॅकरने तत्परतेने भाषांतरवाला बग बंद करून टाकला. तो परत उघडला, माफी मागितली.

मेलचं थोडक्यात सांगतो, नव्या होस्टकडे बाहेर जाणारा पोर्ट २५ (मेल पाठवायची वाट) आधीपासून ब्लॉक असतो तो विनंती करून उघडून घ्यावा लागला, रिव्हर्स डीएनएस आणि एसपीएफ (मेल आमच्याच सर्व्हरचा आहे हे सांगणाऱ्या नोंदी) बदलले, तरी पहिले काही दिवस नोटिफिकेशन स्पॅममध्येच जात होती. नवा आयपी म्हणजे नवी सून, विश्वास बसायला वेळ लागतो.

जुनं मशीन रीड-ओन्ली करून ठेवलंय, महिनाभर राहू दे म्हटलं. परवा सहज त्याचा लॉग उघडला तर एकच आयपी रोज रात्री दोन वाजता येऊन गिटमधून कोड ओढून जातोय. कोण बाबा हा म्हणून बघितलं तर आमचीच बिल्ड मशीन, कोडपासून रोज रात्री सॉफ्टवेअर बनवणारी. तिच्या होस्ट्स फाइलमध्ये (मशीनची स्वतःची नाव-पत्त्यांची यादी) जुना आयपी थेट लिहिलेला, म्हणजे डीएनएसला विचारायचा प्रश्नच नाही. नऊ दिवस नाइटली बिल्ड त्याच शनिवारच्या कोडवरून बनत होता आणि रोज हिरवी टिक येत होती. त्या ओळीशेजारी पाच वर्षांपूर्वीची कमेंट आहे, 'तात्पुरतं, नंतर काढणे', आणि पुढे माझंच नाव.