आमची वाटचाल : कॉम्प्रेसर एकटा मरत नाही

नवतपा लागला की आमच्या दुकानापुढे सकाळी आठपासून गाड्या उभ्या राहतात. नागपुरात पारा ४५ च्या वर गेला की एसी ही चैन राहत नाही. गाड्यांच्या एसी दुरुस्तीचं दुकान, १९९७ चं. दहा बाय बाराचा गाळा, एक जॅक, लाइनमधली हवा ओढून घेणारा एक व्हॅक्यूम पंप आणि दाब मोजायचं एक गेज.

पंप अर्धा माझा, अर्धा चाचांचा. चाचा मूळचे फ्रिजचे मिस्त्री. त्यांच्याकडे मी चार वर्षं हाताखाली होतो, मग पहिली सहा वर्षं आम्ही भागीदार. कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं आणि कधी भांडणही झालं नाही. ‘हवा और पानी, इन दोनों को अंदर मत छोड़ना’ एवढंच त्यांचं शिक्षण. लाइन खोलली की तोंडावर लगेच बूच, ड्रायर (लाइनमधली ओल शोषणारा पार्ट) शेवटच्या क्षणी डब्यातून काढायचा, व्हॅक्यूम पाऊण तासाच्या आत सोडायचा नाही. जाताना त्यांनी त्यांचं गेज मला दिलं. निळ्या बाजूच्या काचेला तडा आहे, पण काटा शून्यावर चोख येतो. डिजिटल गेज दोन घेतले, पण जुन्या गाडीला हात लावताना मी तेच काढतो. डिजिटलवर आकडा दिसतो. काट्याची थरथर दिसत नाही, आणि कॉम्प्रेसरचे वॉल्व गेले की काटा थरथरतो.

मधली वर्षं बरी गेली. मारुती ८००, एस्टीम, उनो, अॅम्बेसेडर. काम होतं, उधारीही होती.

१ ऑगस्ट २००८ पासून देशात ओझोनला घातक सीएफसी गॅसचं उत्पादन थांबलं आणि जुन्या गाड्यांच्या एसीतला १२ नंबरचा गॅस (आर-१२, तोही सीएफसीच) महाग होत गेला. गाडी रीतीने १३४ वर (आर-१३४ए या नव्या गॅसवर) आणायची तर तेल, ड्रायर, ओ-रिंग सगळं बदलावं लागतं. रस्त्यापलीकडच्या एका दुकानाने सोपा मार्ग काढला. घरगुती सिलिंडरचा गॅस गाडीत. १२ नंबरच्या मिनरल तेलाशी तो जुळतो, थंडाही करतो, आणि खर्च काहीच नाही. बोनेटखाली केबिनपर्यंत गेलेल्या पाइपात जळणारा गॅस घेऊन लोक लेकराबाळांसह फिरत होते. आमच्यापेक्षा निम्म्या पैशात गाडी थंड, मग आमच्याकडे कोण येणार?

एप्रिल २००९ मध्ये तिकडची एक गाडी आमच्याकडे आली. गॅस भरायचे निपल १३४ चे बसवलेले, गॅस बदलल्याचं स्टिकर नाही. मी निपल पाहून विश्वास ठेवला आणि आतला गॅस मशीनने आमच्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला. दुकानातला पोट्टा म्हणाला, ‘भाऊ, किचनसारखा वास काहून येते?’ मी घाईत होतो. त्याला गप्प केलं.

त्या सिलिंडरमधून आम्ही एका ट्रॅव्हल्सच्या सात गाड्या भरल्या. तीन आठवड्यांत चार कॉम्प्रेसर जाम. जळणारा गॅस तेलात विरघळतो, तेल पातळ होतं, पिस्टनवर थर टिकत नाही. कारण मला फार उशिरा कळलं. एका पहाटे सावलीतल्या सिलिंडरला गेज लावलं. हवा ३० अंश. शुद्ध १३४ त्या तापमानाला ९७ पीएसआयच्या आसपास दाखवतो. काटा सव्वाशेच्या पुढे होता, म्हणजे आत घरगुती गॅसची भेसळ. मी तिथेच खाली बसलो.

चारही कॉम्प्रेसर मी पदरचे घातले, पतसंस्थेचं कर्ज काढून. ट्रॅव्हल्सवाल्याला गेज दाखवलं, आकडे समजावले. त्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या पलीकडे नेल्या. पलीकडून गावभर सांगितलं गेलं की आमच्या गॅसने कॉम्प्रेसर जातो. घाण त्यांची, नाव आमचं. हे आजही मला पचलेलं नाही, आणि पचावं असं मला वाटतही नाही. मे महिना, ऐन सीझन, आणि दिवसाला एखादी गाडी. भाडं दोन महिने थकलं. पोट्ट्यालाही दुसरीकडे जायला सांगितलं. तो गेला नाही.

तेव्हा वकीलसाहेब आले. हायकोर्टाच्या खंडपीठात वकिली करायचे, गाडी काँटेसा, १.८ चं इसुझू इंजिन, आणि त्यात १२ नंबरचा गॅस. कॉम्प्रेसर जाम, बेल्ट जळून वास सुटलेला. पलीकडे दोन तासांत नवा कॉम्प्रेसर बसवून द्यायला तयार होते. मी म्हटलं, ‘साहेब, माझ्याकडे तीन दिवस लागतील आणि पैसेही जास्त लागतील.’ ते म्हणाले, ‘तू काय करशील ते सांग.’

मी जुना कॉम्प्रेसर उतरवून तेल वाटीत ओतलं. काळं, आणि उन्हात धरलं तर त्यात चमक. म्हणजे पिस्टनची चूर लाइनभर पसरलेली. अशा गाडीला नुसता कॉम्प्रेसर बसवला की तीच चूर नव्यात जाते आणि महिन्याभरात तोही जातो. त्यांचा कंडेन्सर (गॅस गार करणारा पुढचा भाग) जुन्या गोल नळीचा, म्हणून धुता आला. आजच्या बारीक वाहिन्यांच्या कंडेन्सरमधली चूर निघत नाही, तो बदलावाच लागतो. पाइप धुऊन नायट्रोजनने फुंकले. ड्रायर नवा, एक्स्पान्शन वॉल्व नवा, ओ-रिंग सगळ्या १३४ च्या, हिरव्या. नव्या कॉम्प्रेसरचं तेल काढून एस्टर तेल मोजून घातलं, कारण राहिलेल्या मिनरल तेलाला ते सांभाळून घेतं. कॉम्प्रेसरच्या क्लचमध्ये फीलर गेज (फट मोजायची पट्टी) घालून अर्ध्या मिलिमीटरची फट धरली. बसवल्यावर शाफ्ट हाताने बारा फेरे फिरवला, म्हणजे पिस्टनवर साचलेलं तेल बाजूला होतं. तसंच स्टार्ट केलं तर वॉल्व तुटतो. रात्रभर नायट्रोजनचं प्रेशर ठेवलं, काटा हलला नाही. मग तासभर व्हॅक्यूम. १३४ वजनकाट्यावर तोलून भरला, १२ नंबरच्या मूळ वजनाच्या ८० ते ८५ टक्के. बाहेर ४४ अंश होते, केबिनमधल्या एसीच्या जाळीजवळ ११ दाखवले.

तिन्ही दिवस साहेब कोर्टातून येऊन आमच्या स्टुलावर बसायचे. काळा कोट मांडीवर, बोलणं फार नाही. पण गाडी आमच्या दारात उभी असलेली अख्ख्या रस्त्याने पाहिली. जूनपर्यंत त्यांच्या ओळखीचे पाच जण आले.

जुनी गाडी असलेल्यांना सांगतो. थंडीतही आठवड्याला दहा मिनिटं एसी चालवा, नाहीतर शाफ्ट सील कोरडं पडून गॅस जातो. दर उन्हाळ्यात गॅस मारावा लागत असेल तर गॅस नको, लीक शोधा. काढलेला पार्ट हातात मागा आणि तेलाचा रंग बघा. आणि मिस्त्री लोकहो, प्रत्येक गाडीचा गॅस ओढण्याआधी ओळखा. गॅस ओळखणारं यंत्र, आयडेंटिफायर, महाग वाटतं, मलाही वाटायचं.

साहेब आता नाहीत. काँटेसा त्यांची मुलगी घेऊन येते, दर मार्चमध्ये, क्लच तपासायला. तो पोट्टा आज माझा भागीदार आहे, यावेळी कागदावर.

मागच्या महिन्यात त्याच ट्रॅव्हल्सच्या नव्या मॅनेजरचा फोन आला. एका गाडीचा कॉम्प्रेसर बदलायचाय, रेट काय? सांगितला.

‘ड्रायर धरून?’

‘हो, धरून.’

‘आणि ड्रायर सोडून किती?’

‘ड्रायर सोडून आम्ही करत नाही,’ मी म्हटलं. तो विचारून सांगतो म्हणाला.