मावशीच्या चालीने येऊर, बाबांच्या पाऊणकीने नेरुळ

दोन वर्षांपूर्वी मी मावशीला एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर पाठवलं होतं. जाहिरातीत 'सोपा ट्रेक, कुणीही या' असं लिहिलं होतं. पहिल्याच चढाला ती मागे पडली, तेव्हा तिला खालच्या चहाच्या टपरीवर बसवून बाकीचे वर निघून गेले. चार तास ती तिथे एकटी बसून होती. घरी आल्यावर "छान होतं गं" एवढंच म्हणाली. खरं काय घडलं ते मला पुढे सहा महिन्यांनी कळलं आणि पोटात तुटलं. यापुढे तिला न्यायचं तर तिच्या चालीने न्यायचं, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

आम्ही ठाण्याचे, त्यामुळे सुरुवात येऊरपासून केली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०४ चौरस किलोमीटरचं आहे. सगळे त्याला बोरिवलीचं म्हणून ओळखतात, पण त्याची ठाण्याकडची बाजू म्हणजे आपलं येऊर. ठाणे पश्चिमेहून टीएमटीची बस वर जाते. फेऱ्या मोजक्याच असतात, म्हणून परतीची वेळ उतरतानाच विचारून ठेवावी. उपवन तलावापासून वर जाणारा घाटरस्ता पायी चढायला तरुणांना मजा येते. मावशीला मात्र मी तो चढू दिला नाही आणि उतरू तर मुळीच दिला नाही. दुखऱ्या गुडघ्यावर चढापेक्षा उताराचा भार जास्त येतो, हे घरात गुडघे धरून बसणारं माणूस असलं की आपोआप समजतं. म्हणून बसने वर जायचं, पाड्यापाड्यांमधून जेवढं जमेल तेवढं चालायचं आणि बसनेच खाली यायचं.

ऑक्टोबरमधला रविवार होता. आम्ही तिघं होतो: ७१ वर्षांची मावशी, सहा वर्षांचा माझा भाचा आणि मी. बसमधून उतरलो तर हवेत अजून गारवा होता. रस्ता सोडून पाड्याच्या पायवाटेला लागलो आणि दोन्ही बाजूंना भातखाचरं आली. भात पिवळं पडून लोंब्या खाली वाकल्या होत्या. बांधावर तेरड्याची उरलीसुरली गुलाबी फुलं होती. आम्ही एकच नियम ठेवला होता, की मावशी पुढे आणि आम्ही मागे. सगळ्यात सावकाश चालणारं माणूस मागे असलं की ते धापा टाकत गाठतं, तोवर पुढच्यांची विश्रांती संपलेली असते, आणि त्याच्या वाट्याला बसणं येतच नाही. मावशी पुढे होती तेव्हा थांबायचं कधी, हे तिच्या हातात होतं. ती बिनघोर थांबत होती.

आणि थांबल्यामुळेच दिसलं. वाटेच्या कडेला दोन झाडांच्या मधे जाळं होतं, भाच्याच्या बरोबर डोळ्यांसमोर. जायंट वुड स्पायडर. पावसाळा सरता सरता हे कोळी इथे चांगले मोठे झालेले असतात. मादीचे पाय पसरले तर माझा तळहात भरेल एवढी ती मोठी, काळ्या पायांच्या सांध्यांवर पिवळे ठिपके. तिच्या वरच्या अंगाला भाताच्या दाण्याएवढा तांबूस नर चिकटून बसला होता. भाचा म्हणाला, "हे तिचं बाळ आहे." मी म्हटलं, "नाही रे, हा तिचा नवरा." त्याचा विश्वास बसेना. मग ऊन तिरपं झालं आणि जाळ्याचा धागा न् धागा सोनेरी दिसायला लागला. तो रंग उन्हाचा नव्हता, रेशमाचाच होता. मावशी चष्मा कपाळावर सरकवून एवढ्या जवळ गेली की मला तिला मागे ओढावं लागलं. दहा मिनिटं आम्ही तिघं त्या एका जाळ्यापुढे उभे होतो. मी एकटी असते तर एव्हाना अर्धा किलोमीटर पुढे गेले असते.

पुढे ऐनाचं झाड लागलं. त्याची साल सुसरीच्या पाठीसारखी, चौकोनी चौकोनी भेगाळलेली. भाचा त्या भेगांमधून बोट फिरवत बसला. तिथून जरा चढ आहे, फार नाही, पण मुरुमावर शेवाळ होतं. एका घराच्या ओट्यावर पाड्यातल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी मावशीच्या पायांकडे पाहिलं, आत गेल्या आणि बांबूची काठी घेऊन आल्या. "धरा आजी, घसरतंय तिथं." दोघी जवळजवळ एकाच वयाच्या, तरी एकमेकींना आजीच म्हणत होत्या. त्यांच्या घराच्या भिंती कारवीच्या झुडपाच्या काठ्यांच्या कुडाच्या, वरून शेणामातीने लिंपलेल्या. एका कोपऱ्यात लिंपण पडलं होतं, तिथे आतल्या काठ्या उघड्या दिसत होत्या.

कारवीचं मावशीला मी वाटेतच सांगत होते. सात वर्षं ती नुसती वाढते, आठव्या वर्षी जांभळी फुलते, बी धरते आणि वाळून जाते. इथली कारवी २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. आम्ही गेलो तेव्हा गेल्या वर्षीच्या वाळक्या काठ्या उभ्या होत्या आणि त्यांच्या बुडाशी, ओल्या पाचोळ्यात, बोटभर उंचीची नवी रोपं दाटीने उगवली होती. मावशी काठीवर दोन्ही हात ठेवून ती रोपं बघत राहिली.

"म्हणजे आता २०३२ ला," ती म्हणाली. "मी अठ्ठ्याहत्तरची असेन."

"येऊ की."

"काठी इथलीच घेऊ," ती म्हणाली.

आम्ही सगळं मिळून जेमतेम अडीच किलोमीटर चाललो असू. आजींना काठी परत केली, त्यांच्याकडून काकड्या घेतल्या आणि पाटोणापाड्याच्या बसची वाट बघत त्या तिथेच खाल्ल्या. वाघबारस चार-पाच दिवसांवर होती. वारली लोक वाघोबाला देव मानतात, त्या दिवशी त्याची पूजा होते. हे बिबट्याचं रान आहे आणि माणसं इथे पिढ्यान् पिढ्या त्याच्या शेजारी राहतात. आपण पाहुण्यांनीही थोडं सांभाळून वागावं. लहान मूल पुढे पळू देऊ नये, दोन मोठ्या माणसांच्या मधे ठेवावं, आणि अंधार पडायच्या आत परतावं. आत गाभ्याच्या जंगलात शिरायला वन विभागाची परवानगी लागते, ती न घेता कुठल्याही पायवाटेने आत घुसू नये. आणि कळकळीने सांगते, गाणी लावणारा स्पीकर घरी ठेवा. शनिवार-रविवारी तिथल्या पार्ट्यांचे आवाज आणि झगझगीत दिवे बघून फार वाईट वाटतं.

खारघरच्या डोंगरावर फणसवाडी-चाफेवाडीकडे जाणारा रस्ताही चालायला चांगला आहे, डांबरी असल्यामुळे पाय मुरगळायची भीती नाही. चढ मात्र लांबलचक आहे, मावशीला तो झेपणार नाही. पावसाळ्यात पांडवकड्याच्या धबधब्याखाली जायला मनाई असते. ती पाळा. तिथे माणसं बुडून गेलेली आहेत.

आता बाबांबद्दल. बाबा म्हणजे माझे सासरे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीत आहेत. मावशीचे येऊरचे फोटो ते पुन्हा पुन्हा मागून बघत होते. काही बोलले नाहीत. मग माघात आम्ही त्यांना नेरुळला नेलं, पाम बीच रोडच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'ला. मोठ्या तळ्याभोवती सपाट वाट आहे, खुर्ची एका हाताने ढकलता येते. पण त्यांना बघायचे होते रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. ते हिवाळ्यात येतात आणि उन्हाळा संपेपर्यंत ठाण्याच्या खाडीत असतात. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो, तिथे चोच उलटी बुडवून ते शेवाळ टिपतात. भरती आली की तो चिखल पाण्याखाली जातो, मग थवे उठून सीवूड्स-नेरुळच्या आतल्या पाणथळींवर येऊन उभे राहतात. म्हणजे माणसाने भरतीच्या वेळेला जायचं.

मी फोनवर भरतीची वेळ शोधत होते, तेवढ्यात बाबांनी विचारलं, "आज तिथी कोणती?"

"दशमी."

"दहा पाऊण साडेसात," ते म्हणाले. "साडेसातला पूर्ण भरती. तासभर इकडेतिकडे."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. बाबा अलिबागकडचे, शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे सगळे घोकलेले. झटक्यानंतर त्यांना नातवंडांची नावंसुद्धा आठवावी लागतात. पाऊणकी जिथल्या तिथे होती.

पावणेआठला आम्ही 'टी. एस. चाणक्य' या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या बाजूच्या पाणथळीशी पोचलो. पाणी शांत होतं आणि त्यात शेकडो रोहित एका पायावर उभे होते. लांबून ते पांढरेच दिसतात. एखादा पंख उघडतो तेव्हा आतला लालभडक रंग दिसतो. बाबांची खुर्ची आम्ही बांधाच्या कडेला लावली, ब्रेक लावला. नवरा त्यांच्या डोळ्यांना दुर्बीण धरून उभा राहिला, कारण बाबांचा उजवा हात वर उचलत नाही. तिवरांच्या मुळांमध्ये निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, टुणटुण उड्या मारत होत्या, भाचा त्या मोजत होता. मावशी पिशवीतून थर्मास काढत होती.

दोन तास आम्ही हललो नाही. ओहोटी लागली तसे पक्षी आठ-दहाच्या टोळ्यांनी उठायला लागले आणि रस्त्यावरून, आमच्या डोक्यांवरून खाडीकडे जायला लागले. बाबांनी दुर्बीण बाजूला करायला सांगितली. मान मागे टाकून ते नुसतेच वर बघत राहिले.