उरलेल्या चारशे तासांत काय होते?

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही पुणे सोडून भोर तालुक्यातील सासरच्या वाडीत राहायला आलो. मुलीला जूनमध्ये पहिलीत घालायचे होते. वाडीत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा घरापासून सात-आठ मिनिटांच्या अंतरावर आहे, तर इंग्रजी माध्यमाची खासगी शाळा गाठायला व्हॅनने पाऊण तास लागतो. नातेवाइकांचा कौल अर्थातच व्हॅनच्या बाजूने पडला. नकार द्यायचाच असेल, तर तो शाळा पाहून द्यावा, एवढे मात्र मी मनाशी ठरवले होते.

शाळेचा पट 23 होता: पहिलीत पाच, दुसरीत सहा, तिसरीत चार आणि चौथीत आठ मुले. शिक्षक दोन. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे नियमाप्रमाणे शाळेला काही कमी नव्हते. बारा मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ऐकून शहरातल्या पालकाला हेवाच वाटेल. पण ते फसवे आहे. इयत्ता चार आणि शिक्षक दोन असले की प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला शिक्षक अर्धा वेळच येतो. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ठरवून दिले आहे. त्यांतले सुमारे 400 तास मूल शिक्षकाच्या समोर असूनही शिक्षकाचे नसते. त्यामुळे अशी शाळा जोखायची, तर शिक्षक कसे शिकवतात यापेक्षा ते शेजारच्या इयत्तेला शिकवत असताना ही इयत्ता काय करते, हे पाहायला हवे असे मला वाटू लागले.

पहिली भेट मी कळवून घेतली आणि ती वाया गेली. परिपाठ झाला, सुविचार झाला, मला गुलाबाचे फूल मिळाले. पाहुण्यांना दिसते ती शाळा रोजची नसते.

त्या दिवशीची एकच गोष्ट लक्षात राहिली, ती म्हणजे फरशी. दहा-बारा वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील कुमठे बीट या शाळांच्या गटाची ख्याती झाली आणि ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलाने स्वतः करून, अनुभवातून शिकावे हा विचार सांगणारा शब्द, गावोगावच्या शिक्षकांच्या तोंडी आला. त्यानंतर राज्यभर वर्गांच्या फरशीवर अक्षरांचे चौकोन, संख्यारेषा आणि सापशिडीसारखे तक्ते रंगवले गेले. अनेक ठिकाणी रंग तेवढा आला, पद्धत आली नाही. म्हणून मी रंगवलेली फरशी पाहिली की रंग कुठे झिजला आहे ते पाहते. इथे संख्यारेषेचा शून्य ते वीस हा भाग पुसट झाला होता आणि पुढचा बराचसा शाबूत होता. मुले तिथे खरोखर उभी राहत असावीत, आणि वीसच्या पुढे फारशी जात नसावीत.

दुसऱ्या वेळी मी न कळवता, जेवणाच्या सुट्टीनंतर गेले. पहिली-दुसरी एकाच खोलीत बसली होती आणि बाई दुसरीला हातच्याची वजाबाकी शिकवत होत्या. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, सुट्ट्या काड्या आणि गठ्ठा सोडल्याशिवाय वजा करता येत नाही, हा पेच मुलांपुढे टाकून त्या गप्प बसल्या होत्या. ही गप्प बसण्याची कला मला फार कमी शिक्षकांत दिसली आहे. मी मात्र पहिलीच्या पाच मुलांकडे पाहत होते. दोघे अक्षरकार्डे लावून शब्द करत होते, तिसरा त्यांच्या चुका काढत होता, एक मुलगी पेटीतले चित्रांचे पुस्तक उघडून स्वतःशी बोलत बसली होती आणि पाचवा मुलगा पंधरा मिनिटे पट्टीने बाक घासत होता. पाचपैकी चार जण कामात होते. पाचव्याकडे बाईंनी शिकवता शिकवता, न बोलता एक कार्ड सरकवले. तो कामाला लागला नाही, पण तो त्यांच्या नजरेतून सुटलेला नव्हता.

मुलांचे वाचन पाहण्याची परवानगी मागितली, तेव्हा बाई म्हणाल्या, “ताई, पुस्तकातले वाचायला देऊ नका, ते त्यांना पाठ आहे.” खरे सांगायचे तर माझा निम्मा निर्णय याच वाक्याने झाला. मग मी घरच्या कोंबडीवर सहा साध्या ओळी लिहून नेल्या. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचावेत अशी अपेक्षा आहे. मी घड्याळ लावले नाही, कारण घड्याळ पाहिले की मुले धावू लागतात. दुसरीतल्या सहापैकी चौघांनी अडखळत का होईना सगळे वाचले, एक जण जोडाक्षरापाशी थांबला, एकाला सुटी अक्षरेच ओळखता येत होती. “कोंबडी खुराड्यात का गेली नसेल?” या प्रश्नाचे उत्तर ओळींत नव्हते. तरीही तिघांनी तीन वेगळी कारणे दिली, आणि त्यांतले मुंगसाचे कारण माझ्या डोक्यातही आले नव्हते.

अक्षरांवरच थांबलेल्या मुलाविषयी विचारल्यावर बाईंनी त्याची नोंदवही काढली. मराठी शाळांत वर्णनात्मक नोंदी बहुधा छापील साच्यातल्या असतात: ‘वर्गात लक्ष देतो’, ‘कृतीत सहभागी होतो’. या वहीत ‘म आणि भ यांत गोंधळ, वडिलांबरोबर चार महिने ऊसतोडीला गेला होता’ असे लिहिलेले होते. हजेरीपटही मी मागून घेतला आणि जुलैचे पान उघडले. भाताच्या लावणीच्या दिवसांत आमच्याकडे थोरली मुले बांधावर असतात. त्या महिन्यात सगळे हजर दिसले असते, तर मी बाकीच्या नोंदींवरही विश्वास ठेवला नसता. तिसरी-चौथीच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा होत्या.

तिसरी भेट सर्वांत उपयोगी ठरली, कारण त्या दिवशी बाई आसपासच्या शाळांच्या केंद्राने भरवलेल्या शिक्षण परिषदेला गेल्या होत्या आणि 23 मुले एकट्या सरांकडे होती. असे दिवस वर्षात थोडेथोडके नसतात. सकाळी चौथीच्या मुलांनी पहिलीच्या मुलांना जोडीने वाचायला बसवले. ते पाहून बरे वाटले. दुपारी मात्र पहिलीने एक ते शंभर अंक पाटीवर लिहिले, पुसले आणि पुन्हा लिहिले. सर चांगले आहेत, पण पहिलीच्या मुलांना त्यांच्याकडे उजळणीपलीकडे काम नव्हते. मी ते त्यांना सांगितले. त्यांनी वाद घातला नाही, फक्त त्या दिवशी ऑनलाइन भरायच्या तीन माहितींची यादी दाखवली.

आहाराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे. मी खाल्लेली खिचडी गरम होती आणि तीत मटकी दिसत होती. शौचालयाचे मात्र तसे नव्हते. मुलींच्या शौचालयाला कुलूप होते, कारण रात्री बाहेरचे लोक येऊन घाण करतात. चावी कार्यालयात, आणि सहा वर्षांची मुलगी कार्यालयात जाऊन चावी मागणार नाही, ती घरी येईपर्यंत थांबेल. शाळा स्वतःच स्वतःची माहिती भरते तेव्हा असे शौचालयही ‘आहे’ असेच धरले जाते.

राहिला प्रश्न शाळा टिकण्याचा. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूह शाळांत रूपांतर करण्यासाठी, म्हणजे अशा लहान शाळा एका मोठ्या शाळेत एकत्र आणण्यासाठी, प्रस्ताव मागवले, तेव्हापासून आमच्यासारख्या प्रत्येक वाडीत जूनचा पट बोटांवर मोजला जातो. चौथीची आठ मुले बाहेर पडणार होती. माझी मुलगी तिथे गेली नाही तर पटातून आणखी एक कमी, आणि इतर पालक माझ्याकडे पाहून ठरवणार, हेही मला कळत होते. त्या दडपणाखाली निर्णय घ्यायचा नाही, असे मी स्वतःला बजावत होते. ते कितपत जमले, याची मला खात्री नाही.

जूनमध्ये मुलीचे नाव शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत चढले. पहिलीत तिच्यासह तीन मुले आली आणि पट 18 झाला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. मला तिथे घेतल्यावर पहिल्याच सभेत मी चावीचा विषय मांडला. आता ती दाराशेजारच्या खिळ्याला, पहिलीच्या मुलीचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर टांगलेली असते. सर एकटे असतील त्या दिवशी पहिलीने दुपारी काय करायचे, हा विषय सभेच्या इतिवृत्तात ‘पुढील सभेत चर्चा’ या शेऱ्यासह दोनदा आला आहे.